पप्पांना हरवायचंय, पॉइंट सांगा

बेळगावच्या कॅम्पातून चार पानी पत्र आलंय. मुलगा तेवीस वर्षांचा, बेंगळूरच्या कंपनीत, पण वर्क फ्रॉम होम म्हणून गेले सात-आठ महिने घरीच. घर मराठी ख्रिस्ती, मेथडिस्ट मंडळीतलं, पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतलेला. पोरगा कॉलेजात असताना हळूहळू नास्तिक झाला आणि या जूनमध्ये त्यानं ते घरी सांगून टाकलं. तेव्हापासून दर रविवारी उपासनेहून आलं की जेवणाच्या टेबलावर पप्पांशी वाद. पप्पा स्तोत्रसंहितेतलं "मूढ आपल्या मनात म्हणतो, देव नाही" ऐकवतात, हा त्यांना रसेल आणि डॉकिन्स, देव न मानणारे दोन लेखक, ऐकवतो, पप्पा रात्री दोन-दोन तासांच्या प्रवचनांच्या लिंका पाठवतात, यानं चौदा पानांचं वर्ड डॉक्युमेंट तयार केलंय. प्रश्न दोन. "अक्का, असा एक पॉइंट सांगा की पप्पांना उत्तरच देता येणार नाही" आणि "नाताळला चर्चमध्ये जाऊ की नको, गेलो तर ढोंगीपणा होईल ना, कारण क्वायरला कीबोर्ड दरवर्षी मीच वाजवतो." खाली ता.क. आहे, "तुम्ही स्वतः मानता का?"

बाळा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं सोपं आहे, दोन पुस्तकं सांगावीत आणि मोकळं व्हावं. दुसऱ्यांदा वाचताना दोन ओळींवर अडकले. एक दुसऱ्या पानावर, कंसात टाकलीयस, "पप्पा पूर्वी खूप प्यायचे, मग कुणीतरी प्रार्थनेला नेलं आणि सुटली, हे ते सारखं सांगतात पण ते काही प्रूफ नाही ना". दुसरी तिसऱ्या पानाच्या तळाला, "आई आता रविवारी आमच्याबरोबर जेवत नाही, ताट घेऊन किचनमध्ये जाते, तिला या विषयात इंटरेस्ट नाही". या दोन्हींवर येतेच मी, पण आधी तुझे पॉइंट घेऊ, नाहीतर म्हणशील अक्कानं भावनिक करून सोडलं.

पप्पांचा आवडता मुद्दा घड्याळाचा, तूच लिहिलंयस, की रस्त्यात घड्याळ सापडलं तर कुणीतरी घड्याळजी असणारच, मग एवढा डोळा, एवढं हृदय आपोआप कसं. हे घड्याळ जुनं आहे, विल्यम पेली नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचं, १८०२ सालचं. डार्विननं कॉलेजात पेली वाचला होता, आणि आवडलाही होता त्याला, आणि मग १८५९ मध्ये त्यानंच दाखवलं की थोडे थोडे बदल टिकत गेले की घड्याळजीशिवायही डोळा होऊ शकतो. तेव्हा इथं तू बरोबर, पप्पांनी हे घड्याळ आता कपाटात ठेवावं. पण तू लगेच पुढे उडी मारतोस की "म्हणजे सायन्सनं देव संपवला", ते नाही जमत. डोळा कसा झाला ते कळलं म्हणून मुळात काही आहेच का, काहीच नाही असं का नाही, हा प्रश्न सुटत नाही, आणि ज्या बिग बँगचा तू दोनदा दाखला दिलायस त्याची पहिली मांडणी करणारा जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक फादर होता. फादर असून त्यानं आपलं गणित आणि आपली प्रार्थना वेगवेगळी ठेवली, एकाचा पुरावा दुसऱ्यात वापरला नाही. पप्पांनाही हे सांग, ते उलट्या बाजूनं तीच चूक करतात.

मग तुझं लाडकं वाक्य, की "तुम्ही बाकीच्या हजार देवांचे नास्तिक आहात, मी फक्त एक जास्तीचा". चटपटीत आहे, पण तुझं नाही, नेटवर शंभर ठिकाणी सापडतं. पण यातली खरी गंमत तुला माहीत नसावी. रोमन राज्यात नास्तिक हा शब्द ख्रिस्ती लोकांनाच लावायचे, कारण ते राज्याच्या देवांना मानत नव्हते. दुसऱ्या शतकात स्मर्ना गावचा म्हातारा बिशप पॉलिकार्प, त्याला मैदानात आणलं आणि अधिकारी म्हणाला, नास्तिकांचा नाश असो एवढं म्हण, सोडतो. म्हाताऱ्यानं बघ्यांच्या गर्दीकडे हात केला, आणि तेच वाक्य त्यांना ऐकवलं! जाळला त्याला शेवटी. ही गोष्ट पप्पांना सांगितलीस तर ते खूश होतील आणि तुझा मुद्दाही पोचेल, की नास्तिक म्हणजे वाया गेलेला असं नसतं, कोण कुणाला म्हणतोय त्यावर असतं.

तुझ्या डॉक्युमेंटमध्ये रसेल आठ पानं आहे म्हणतोस, मग १९४८ चा तो रेडिओवरचा वाद वाच किंवा ऐक, बीबीसीवर रसेल आणि फादर कोपलस्टन. मला त्यात काय आवडतं सांगू, सुरुवात. कोपलस्टन आधी विचारतात, देव म्हणजे आपण काय धरायचं, जगाहून वेगळा आणि जग निर्माण करणारा, व्यक्ती असलेला परमश्रेष्ठ असा कुणीतरी, चालेल? रसेल म्हणतो चालेल. मग सुरू. फादर म्हणतात जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे, तेव्हा कशावरच अवलंबून नसलेलं असं काहीतरी असलंच पाहिजे, त्यावर रसेल म्हणतो प्रत्येक माणसाला आई असते म्हणून अख्ख्या मानवजातीला एक आई असते असं होत नाही. दोघंही शेवटपर्यंत हटले नाहीत, आणि आवाजही चढला नाही. तुमच्या घरी जून ते नोव्हेंबर वाद चाललाय आणि देव म्हणजे काय धरायचं हे अजून ठरलेलं नाही, तू ढगावर बसलेल्या दाढीवाल्याला पाडतोस आणि पप्पा कधीच त्या दाढीवाल्याला मानत नव्हते, आणि पप्पा ज्या नास्तिकाला झोडतात तो कुणीतरी बेवडा स्वार्थी माणूस आहे, तू नाहीस. दोघंही तिसऱ्याच कुणाशी भांडताय आणि जेवण गार होतंय.

आपल्याकडे शास्त्रार्थात एक चांगली पद्धत होती, आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, पूर्वपक्ष, आणि तो त्याला पटेल असं मांडायचं, मगच खोडायला घ्यायचं. एकदा करून बघ. पप्पांचं म्हणणं तू पाच मिनिटं सांग, ते "होय, हेच" म्हणेपर्यंत सांग, मग ते तुझं सांगतील. माझा अंदाज, पहिल्या रविवारी दोघांनाही जमणार नाही.

आणि देव मानणं-न मानणं या दोनच पेट्या आहेत असं तुला बेंगळूरला वाटलं असेल, बेळगावात राहून वाटायला नको. किल्ल्यातली कमल बस्ती बघितलीयस ना, शाळेच्या सहलीत तरी, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली, छताला ते दगडी कमळ. जैनांचं देऊळ. आपल्या जिल्ह्यात गावोगाव जैन आहेत आणि त्यांच्या दर्शनात जग निर्माण करणारा देवच नाही, जग अनादी, कुणी बनवलेलं नाही. तरी पहाटे उठून बस्तीत जातात, उपास करतात, रात्री जेवत नाहीत, मुंगी मरू नये म्हणून जपतात. आता यांना आस्तिक म्हणणार की नास्तिक? मी एकदा एका जैन मैत्रिणीला हे विचारलं तर ती म्हणाली "आधी चहा घे, मग ठरवूया", आणि मग विषय मुलांच्या ऍडमिशनवर गेला.

तुझ्या चौदा पानांत खरं वजन एकाच पानाला आहे, दुःखाच्या. देव चांगला आणि सर्वशक्तिमान, तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभा-मलप्रभेनं गावंच्या गावं का नेली. हा प्रश्न तुझा एकट्याचा नाही. १७५५ मध्ये १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला तेव्हा लोक चर्चमध्येच होते, छपरं त्यांच्यावरच पडली, वर मेणबत्त्यांनी आग लागली, वर समुद्र आत आला. अख्खा युरोप त्यावर हादरून विचार करत बसला, फ्रेंच लेखक व्होल्तेर तर चिडलाच. भाविक लोक म्हणतात देवानं माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलंय, पाप माणूस करतो, ठीक, खुनाला लागू होईल ते, पण पुराला? मला विचारशील तर इथं तुझी बाजू जड आहे आणि पप्पांकडेच काय, मोठमोठ्या धर्मपंडितांकडेही पूर्ण उत्तर नाही.

पण हाच प्रश्न पप्पांच्या बायबलात तुझ्यापेक्षा कडक भाषेत विचारलेला आहे. ईयोबाचं पुस्तक वाच, पूर्ण. माणसाचं सगळं जातं, मुलं जातात, अंगभर फोड येतात, तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात, कुणी एक शब्द बोलत नाही. तिथपर्यंत झकास मित्र. मग तोंड उघडतात आणि देवाची वकिली सुरू करतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार वगैरे, पानंच्या पानं. आणि शेवटी देव कुणावर रागावतो? देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही, या वकिलांवर. पप्पा हे सदर वाचतात असं तू लिहिलंयस म्हणून त्यांनाही इथंच सांगते: साहेब, ते "मूढ" वालं स्तोत्र पुढं वाचा की, चार ओळींवर लिहिलंय तो मूढ कोण ते, लोकांना भाकरीसारखं खाऊन टाकणारा. पुस्तकं वाचून शंका काढणाऱ्या तुमच्या मुलाला ते लागू नाही. त्या चौदाव्या स्तोत्राऐवजी येशूचा शिष्य थोमा आठवा, येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, त्याला कुणी घराबाहेर काढलं नाही.

आता त्या दोन ओळी.

दारू सुटली हे देवाचं प्रूफ नाही, बरोबर आहे तुझं. आपल्या भागात गळ्यात माळ घातली आणि दारू सुटली असे शेकडो आहेत, तिथं विठ्ठलानं सोडवली म्हणतात, कुणाची डॉक्टरनं सुटली, कुणाची बायको माहेरी गेली म्हणून सुटली. वादात मांडायला हा मुद्दा कच्चाच. पण पप्पा तो मुद्दा म्हणून सांगत नाहीयेत रे. ती त्यांची आठवण आहे. कुठलीतरी एक संध्याकाळ असेल, कुणीतरी सायकलवर मागे बसवून नेलं असेल, पहिल्या दिवशी हात थरथरत असतील, त्यानंतर आजपर्यंत दर संध्याकाळी ते न पिता घरी आलेत. तू जेव्हा म्हणतोस "पप्पा, ते सगळं मनाचे खेळ, देव वगैरे नाही" तेव्हा त्यांना ऐकू येतं की मी ज्या दोरीला धरून वर आलो ती दोरी नव्हतीच. माणूस घाबरणार नाही? घाबरलेला माणूस घड्याळ आणि घड्याळजी काय हातात येईल ते फेकतो. म्हणून दोन-दोन तासांच्या लिंका येतात.

तू त्यांना त्या वर्षाबद्दल कधी विचारलंयस का, साक्ष म्हणून मंडळीसमोर सांगतात तसं नाही, नुसतं. कोण आलं होतं न्यायला, पहिल्या रविवारी काय झालं, परत प्यावंसं वाटलं तेव्हा काय केलं. व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी फिरायला घेऊन जा आणि विचार. उलट प्रश्न करू नकोस, फक्त ऐक. आठवड्याभरात तुला त्यांचा देव कुठला ते कळेल, त्या चौदा पानांत तो नाहीये.

आणि आई. तिला इंटरेस्ट नाही असं लिहून तू पुढच्या ओळीवर गेलास, मी नाही जाऊ शकले. त्या घरात ती दारूच्या दिवसांतही होती. जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचा आवाज चढतोय, ग्लास आपटला जातोय, पोरगं लाल झालंय, हे तिनं आधी बघितलंय, फक्त तेव्हा पोरगं लहान होतं आणि गप्प बसायचं. देव आहे की नाही याचं तिला काही नाही, तिला त्या आवाजाचं आहे. ताट घेऊन ती आत जाते कारण तेव्हाही तेच करायची असणार. मी चुकत असेन, तुमचं घर मी बघितलेलं नाही, पण एकदा रविवारी टेबलावरचा वाद बंद करून बघ, ती बाहेर येऊन बसते का. वाद नकोच असं नाही माझं, भरपूर घाला, पण जेवताना नाही आणि तिच्यासमोर नाही, अंगणात घाला, स्कूटरवर घाला, लष्कराच्या रस्त्यावरून चालत चालत घाला, तिथं दोघांनाही आवाज कमी ठेवावा लागेल.

आमच्या घरचं सांगते. माझे सासरे माळकरी, आणि नवरा कॉलेजपासून नास्तिक, आगरकर तोंडपाठ. दरवर्षी सासरे पंढरपूरहून आले की घरभर प्रसाद वाटायचे, चुरमुरे-बत्तासे, आणि हे हात मागे घ्यायचे. सासरे काही बोलायचे नाहीत, यांच्या वाटणीची पुडी टीव्हीवर ठेवायचे. ती पुडी तिथं मुंग्या लागेपर्यंत राहायची, मग मी काढायची. सात-आठ वर्षं हा प्रकार! एका वर्षी यांना रात्री भूक लागली, घरात काही नव्हतं, यांनी ती पुडी फोडली आणि खाताना सासऱ्यांनी बघितलं. हे म्हणाले "चुरमुरे म्हणून खाऊलालोय, प्रसाद म्हणून नव्हे." सासरे म्हणाले "पोटात गेलं की बास, नाव तू काय पण ठेव." दोघांचीही मतं तिळभर बदलली नाहीत, पण पुढच्या वर्षी सासऱ्यांनी यांच्या पुडीत बत्तासे जास्त घातले, यांना गोड आवडतं म्हणून.

अजून एक, हे पप्पांच्या तोंडावर मारायला वापरायचं नाही, कबूल असेल तरच वाच. तुमचे पणजोबा ख्रिस्ती झाले म्हणजे एके दिवशी तुमच्याच घराण्यातला एक पोरगा आपल्या वडिलांसमोर उभा राहून म्हणाला असणार, तुमचे देव मी मानत नाही. बाबा पदमनजी आपल्याच बेळगावात जन्मले, १८३१ मध्ये, हिंदू घरात, मिशनच्या शाळेत शिकले, वाचून वाचून, वाद घालून घालून त्यांचं मन बदललं, १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढं १८५७ मध्ये यमुनापर्यटन ही कादंबरी लिहिली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आले तरी आधी सोवळंओवळं सांभाळून राहिल्या, आणि नंतर स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. एका छपराखाली दोन मतं ही मराठी ख्रिस्ती घरांना नवी गोष्ट नाही, तुमची सुरुवातच तिथून आहे. फक्त तेव्हा सोडून जाणारा तुमच्या बाजूला येत होता, आता तुमच्यातून जातोय, म्हणून पप्पांना ते वेगळं वाटतं.

आता नाताळ. जा. पण उघड्या डोळ्यांनी जा आणि आधी पप्पांना सांगून जा, म्हणजे ढोंग राहत नाही. ढोंग कशाला म्हणायचं, तर जे मानत नाही ते तोंडानं मानतो म्हणणं. कीबोर्ड वाजवणं म्हणजे काही मानतो म्हणणं नव्हे, ते वाजवणं आहे, आणि रेव्हरंड टिळकांची गाणी चांगली आहेत, ती वाजवायला बाप्तिस्म्याची अट नाही. सगळे उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते, म्हणतील तेव्हा तू उभा राहा, तोंड बंद ठेव. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, पुढं जाऊ नकोस. ते पप्पांसाठी फार पवित्र आहे आणि तू न मानता घेतलंस तर तोच खरा अपमान, त्यांचाही आणि तुझ्या नास्तिकपणाचाही. पाळकसाहेबांनाही आधी एकदा भेटून सांग, म्हणजे ऐन वेळी कुणी तुझ्याकडे बघत बसणार नाही. मंडळीतल्या मावश्या विचारतीलच "का रे, पुढं नाही आलास", त्यांना म्हण "पुढच्या वेळी सांगतो मावशी", आणि करंजी तोंडात घाल. सगळ्यांना सगळं सांगायचं तुझ्यावर बंधन नाही.

पप्पा नकोच म्हणाले तर? म्हणजे मानत नसशील तर क्वायरमध्ये बसू नको असं म्हणाले तर, ते त्यांच्या घरचं नव्हे, मंडळीचं आहे, तिथं त्यांचा शब्द मान आणि शेवटच्या बाकावर बस. रुसून बेंगळूरला निघून जाऊ नकोस, तिकीट बुक केलंय असं पत्रात आहे, ते कॅन्सल कर, चार-सहाशे रुपये जातील, जाऊ देत.

ता.क. चं उत्तर. संध्याकाळी दिवा लावते मी. नवरा विचारतो कुणासाठी, मी म्हणते लोडशेडिंगची सवय. खरं उत्तर मलाही आलटून पालटून येतं, कुठल्या महिन्यात विचारशील त्यावर आहे. सासरे गेले त्या वर्षी मला वाटायचं कुणीतरी ऐकतंय, आता तितकं वाटत नाही. म्हणून तुमच्या वादात मला पंच करू नकोस, दोन्ही बाजू मला रविवारी पटतात आणि सोमवारी पटत नाहीत.

ते वर्ड डॉक्युमेंट डिलीट करू नकोस. दुःखाचं पान तेवढं ठेव आणि प्रिंट काढून पप्पांना दे, "वाचा आणि समासात लिहा, घाई नाही" म्हणून. ते मिलिटरीच्या ऑफिसात कारकुनी केलेले आहेत, समासात लिहायला त्यांना लिंक पाठवण्यापेक्षा बरं जमेल. आणि क्वायरची प्रॅक्टिस कुठल्या दिवशी सुरू होते ते आजच विचारून घे.

तुझी,
अक्का